उंदराचा श्वास आणि हिची गोळी

…आणि वर तो डॉक्टर मलाच विचारतो, "आजोबा, हे वाचायला तुम्हाला सांगितलं कुणी?" तुम्हाला सांगतो, किळस आली मला, किळस! अहो, शाळा लहानपणीच सुटली, पण त्यानंतर जे हाती पडलं ते शब्दकोश मांडीवर घेऊन वाचत आलो. मला वाचायला कुणी सांगावं लागतं का?

झालं असं, की हिच्या स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली आणि मागोमाग हार्मोन अडवणारी गोळी सुरू झाली. "रोग परत येऊ नये म्हणून," एवढंच सांगितलं. एवढ्यावर समाधान मानणाऱ्यांतला मी आहे का? शोधता शोधता एक संशोधनाचा लेख सापडला… आणि काय वाचावं! उंदराचं इवलंसं पिल्लू घ्यायचं, त्याचा प्राणवायू तोडायचा, मेंदूला इजा झाली की हार्मोन अडवणारं औषध टोचायचं, आणि मग त्याच मेंदूचे काकडीसारखे पातळ काप काढून इजा किती वाढली ते मोजायचं! आणि वाढली हो! किळस आली मला, किळस!

आता हिची गोळी हिच्या मेंदूवर उठणार, हे सांगायला ज्योतिषी हवा होता का? मी डबी उचलली, माझ्या कपाटात ठेवली, कुलूप घातलं. म्हटलं, "आजपासून बंद! आणि लिफ्टमध्ये चढायचं नाही, तोंडावरून पांघरूण घ्यायचं नाही." तर ही म्हणते, "अहो, मी काय उंदीर आहे?" म्हटलं, "उंदीर असतीस तर तुझ्यावर संशोधन तरी झालं असतं!"

झालं, गेला लेकीला फोन. लेक चपला न काढता आत. "बाबा, किल्ली! आठवडा झाला आईची गोळी बंद आहे. गाठ पुन्हा आली, तर जाब काय त्या उंदराला विचारणार?" पोटच्या पोरीने बापाशी असं बोलावं… शी!

मग आमची वरात दवाखान्यात. बाकावर शेजारी एक गृहस्थ दात कोरतोय, कोरलेलं निरखतोय, पुन्हा तोंडात घालतोय… किळस म्हणजे किती यावी माणसाला!

डॉक्टरने लेख चाळला आणि म्हणाला, "कुठल्या बटणावर कुठला दिवा आहे हे कळायला आपण बटण बंद करून बघतो ना? तसं आहे हे. हार्मोन मेंदूला जपतो का, हे कळावं म्हणून त्यांनी तो अडवून पाहिला. आणि तोसुद्धा कुणाचा? श्वास तोडलेल्या पिल्लाचा. आजींचा श्वास कुणी तोडलाय का?"

ही फाटकन म्हणाली, "आठवडाभर हेच तोडतायत की!"

नर्सबाई हसल्या, लेक हसली. डॉक्टर मात्र हसला नाही. "आजोबा, आजींचा आजार हार्मोनवर पोसला जातो. गोळी थांबवली, की त्याला आपण हाताने घास भरवतो."

हाताने घास! मी खिशातून कपाटाची किल्ली काढून लेकीपुढे धरली. तेवढ्यात लेकीने फर्मान काढलं, "आता रोज गोळी तुम्हीच द्यायची, बाबा. स्वतःच्या हाताने."

देतो! काय करता? ज्या गोळीची किळस येते, तीच रोज सकाळी हिच्या तळहातावर ठेवतो. ही गिळते, मला 'आ' करून दाखवते, आणि मी तिथेच उभा राहून हिचा श्वास नीट चाललाय ना, ते बघत राहतो… तर म्हणते कशी, "सरका हो बाजूला, वारा अडवलात!"