असो म्हटलं की

—लावा हो, लावा, वकीलसाहेब, बिनधास्त लावा कुलूप. घरूनच आणलंत ना? शाबास! माणसानं संशय घ्यावा तर असा, स्वतःचं कुलूप घेऊन. पेटाऱ्याच्या मागच्या दाराला कडी आहे बघा, तीत अडकवा — हां — आणि किल्ली तुमच्याच खिशात राहू द्या. कागदाच्या पट्ट्यापण आणल्यात? फटींवर चिकटवून वर सही ठोकणार? ठोका की. ती खालची एक फट तेवढी — नाही, नाही, चिकटवा, मी आपलं रंग उडेल म्हणून म्हटलं. आणि आमच्या या मेणाच्या आजोबांच्या टोपीत रुमाल कशाला कोंबताय? वरून कोणी दोरी ओढत असेल म्हणून? धन्य आहे बुवा तुमची! बरं, राहू दे. हा पेटारा, वर हा बुद्धिबळाचा पट, आणि पटामागे बसलेले हे आमचे आजोबा — मेणाचं तोंड, काचेचे डोळे, डावा हात लाकडी, पण असा चालतो की भल्याभल्यांचे वजीर गिळलेत त्यानं. आत काय आहे, दाखवलं ना मघाशी? उजवं दार उघडलं, चाकं. डावं उघडलं, चाकं. दोन्ही एकदम नाही उघडत मी, आजोबांना वारा लागतो. आत कोण आहे म्हणता? आता तुमच्यापासून काय लपवायचं — आत माझी थोरली बहीण बसलीय, स्वेटर विणतेय. हसा, हसा! मनमोकळं हसणारा वकील मी पहिल्यांदाच पाहतोय.

बसा. पांढरे तुम्ही. संध्याकाळी याच रंगमंचावर खेळ आहे आमचा, आणि नाट्यगृहाचे मालक काय म्हणाले ऐकलंत ना — वकीलसाहेबांनी यंत्र अस्सल म्हटलं तर वर्षभर इथंच राहा, मागच्या दोन खोल्यांसकट. नाहीतर उचला पेटारा आणि लागा रस्त्याला. दोन खोल्या, साहेब! खिडक्या आहेत त्यांना. आम्ही — मी किती वर्षं खिडकीच्या खोलीत झोपलो नाही. चला, खेळा. राजापुढचं प्यादं? छान. आता मी चावी देतो आजोबांना — कर्र, कर्र — आणि, असो. — बघा, बघा! उचलला हात! कसं प्यादं धरलंय, जशी चिमटीत तपकीर. खोकला? कुठे? छे हो, ती चाकं. जुन्या यंत्रांची चाकं खोकतात, तेल कमी पडतं.

तुम्ही खेळत राहा, माझी टकळी चालूच असते, तिकडे लक्ष देऊ नका. ही सिगारेट चालेल ना? सवय आहे, यंत्राजवळ मी ओढतोच. तर काय सांगत होतो — जगाला फसायची हौस फार, वकीलसाहेब. कुठल्याशा देशात एकानं दगडाचा राक्षस कोरला, शेतात पुरला आणि वर्षभरानं विहीर खणायच्या निमित्तानं वर काढला. लोक रांगा लावून बघायला! एकानं माकडाचं धड माशाच्या शेपटीला शिवलं, म्हणाला जलपरी. तोंड असं भेसूर की तिला बघून खलाशांनी समुद्र सोडावा, तरी लोक म्हणतात, अहाहा! तुमचा घोडा आला वाटतं पुढे? बरं — कर्र, कर्र — असो. — हं, उंटानं उत्तर दिलं. घोड्यावरून आठवलं, एक घोडा हिशोब करायचा म्हणे! सात अधिक पाच विचारलं की टाप आपटायचा, बरोबर बारा वेळा. मोठमोठे विद्वान तपासून गेले. त्यात फसवाफसवी काही नव्हती हो, धन्याला पण ठाऊक नव्हतं. घोड्याला गणित कुठून येणार, त्याला तोंडं वाचता यायची. बारावी टाप पडली की समोरच्याचा चेहरा सैल पडायचा, आणि तो थांबायचा. माणसांपेक्षा बरा, नाही का? आणि बुद्धिबळाचं यंत्र म्हणाल तर तेही आधी होऊन गेलंय, राजेरजवाडे हरले त्याच्यापुढे, आणि शेवटी काय, आत माणूस! त्यानं आमचा धंदा बुडवला. तेव्हापासून जो तो कुलूप घेऊन येतो. तुमची चाल? वजीर? हिंमत आहे तुमची. कर्र, कर्र. असो.

असो.

विचार करताहेत आजोबा. वय झालं. तुमच्या वजिराला बघून मीही थांबलो असतो. — म्हणतो मी, असो! — नाही, अडकलं असेल काही, उकडतंय किती इथं, पत्रा तापलाय वरचा, तेल पातळ होतं, मग चाकं घसरतात. जरा टकटक करतो पेटाऱ्यावर, जुनं यंत्र, थापटावं लागतं. हं. — खरं सांगू, आजोबा रुसलेत. सकाळी जरा शब्दानं शब्द वाढला आमचा. आज नको म्हणत होते. छाती भरलीय म्हणे, खोकला थांबत नाही म्हणे, खेळ उद्यावर ढकल. मी म्हटलं, उद्या वकीलसाहेब येणारेत का? वर्षभराच्या खिडक्या उद्यावर ढकलतेस? — ढकलताय, म्हटलं मी, ढकलताय, आजोबांना कोण अगंतुगं करेल! तर रुसवा आहे हा. आमच्याकडे रुसवा म्हणजे रुसवा, एकदा एका गावात नगराध्यक्षांसमोर अर्धा तास हात हलवला नाही, का, तर मी भाजीत मीठ जास्त घातलं होतं. असो. — असो, म्हटलं! — ऐकू येतंय ना आत?

मघाशी निदान खोकत तरी होती. चाकं, साहेब, चाकं.

असं करा, तुम्ही जिंकलात. हो, हरलो, राजा आडवा केला आमचा, हा बघा. हात मिळवा. द्या किल्ली. का नाही? मालक येईपर्यंत सील उघडायचं नाही? मालक जेवून झोपून येणार, साहेब, त्यांच्या घोरण्याला तुमच्या सीलची काय पर्वा! सही नको तुमची. खोटं आहे यंत्र, लिहून देतो, साफ खोटं, संध्याकाळी रंगमंचावर उभा राहून ओरडून सांगतो. उठा ना. तो रुमाल काढतो मी टोपीतला — हात का धरताय? धूर जायला जागा आहे ती! कसला धूर? मेणबत्तीचा. आत मेणबत्ती असते. यंत्राला कशाला उजेड हवा — बरोबर विचारलंत, अगदी बरोबर. मी सिगारेट ओढतो ती तिचा वास लपवायला. आता नुसता सिगारेटचाच वास येतोय. मेणबत्तीचा येतच नाही, किती वेळ झाला येत नाहीये.

माझी ताई आहे आत.

स्वेटर झाला का विणून, विचारताय? छान. छान विनोद आहे. माझाच आहे. हसा. — अहो, खरंच आहे आत! सरकती बैठक आहे, उजवं दार उघडलं की ती डावीकडे सरते, डावं उघडलं की उजवीकडे. पाठीला बाक आहे तिच्या लहानपणापासून, एवढीशी आहे, मावते. बुद्धिबळ तिचं, तिनंच शिकवलं मला, आणि मला अजून उंटाचं धड कळत नाही. ती डोकं, मी तोंड, असं आहे आमचं. आणि ‘असो’ म्हणजे तिला खूण, की समोरच्याची चाल झालीय, हलव हात. आमची आई भांडण संपवायची तेव्हा म्हणायची, असो. बडबड्या माणसाच्या तोंडात तो शब्द कोणाला खटकत नाही, म्हणून तिनंच निवडला. आणि जीव घाबरा झाला तर तीन ठोके मारायचे, हेही ठरलंय, पण मारले नाहीत तिनं, म्हणून मी समजलो रुसलीय. तिनं शपथ घातलीय मला, लोकांसमोर दार उघडायचं नाही, मेले तरी. मेले तरी म्हणते ती नेहमी, बोलण्याची पद्धत आहे ती, तुमच्या घरात कोणी म्हणत नाही?

बघताय काय? आणखी कसं सांगू? आयुष्यभर खोटं सांगितलं, लोकांनी टाळ्या वाजवून खरं मानलं. आज पहिल्यांदा खरं सांगतोय तर तेही माझ्याच तोंडातून येतंय ना, त्याला खोट्याचाच वास. ऐकू नका मग. ऐकू नका माझं काही. नुसतं तोंड बघा माझं. अहो, घोड्याला वाचता येत होतं हो! घोड्याला!

—हां. द्या. द्या इकडे. नको, तुम्हीच लावा किल्ली, मी पट्ट्या फाडतो. किती डिंक लावलाय. सरका. बाजूला सरका, वारा येऊ दे. ताई. ए ताई, हात दे. केवढी तापलीय आतली हवा. आजोबांचा हात हलवायचा दांडा सोड ना, सोड, खेळ नाहीये आता, हरलो आपण, मीच राजा आडवा केला. धरा, डोकं धरा तिचं, हळू. इथं जमिनीवर. — तुम्ही नका काही बोलू. तुम्ही डॉक्टरांकडे जा. चौकातच आहेत ना? पळत जा. मी गेलो तर मला कोण विचारतो, म्हणतील आला खेळवाला नवीन सोंग घेऊन. तुमच्या शब्दाला वजन आहे. रुमाल राहू द्या तो, काय रुमाल शोधताय! जा! जा म्हणतो ना!

गेले.

ताई, गेले ते. दार लागलं, ऐकलंस ना? कोणी नाही आता. सोंग पुरे. छान केलंस, मीसुद्धा फसलो, अगदी मीसुद्धा. ऊठ. बघ, कोणीच बघत नाहीये.

असो.

ताई, असो म्हटलं ना मी.