राक्षसिणीच्या हनुवटीवरचा तीळ

अगं, सगळ्यात आधी मला तो तीळ दिसला. पुढच्या महिन्यात येणाऱ्या एका फँटसी कादंबरीचं मुखपृष्ठ मी केलंय, ते प्रकाशकांनी त्या सकाळी जाहीर केलं. शिंगं, सुळे, लाल डोळे, सगळं झकास. आणि राक्षसिणीच्या हनुवटीवर आमच्या खामगावच्या आत्याचा तीळ.

झालं असं, की मला रागावलेला चेहरा हवा होता. दादाच्या साखरपुड्यात जिलबी संपली म्हणून आत्या आचाऱ्यावर ओरडत होती, तो फोटो समोर ठेवून मी चित्र काढलं. तिला विचारलंही नाही, आणि तीळ पुसायचा राहून गेला. बरं, बाबांशी भांडून मला चित्रकलेला पाठवणारी हीच आत्या.

तोवर मेहकरच्या काकूंनी ते चित्र घरच्या ग्रुपवर टाकलं होतं. खाली लिहिलं होतं, "ओळखा पाहू कोण."

मी आत्याला फोन लावला. बिझी. परत लावला, परत बिझी. बाबांना लावला, तर तोही बिझी. म्हणजे माझी तक्रार चालू आहे आणि आत्या आता जन्मात माझ्याशी बोलणार नाही, असं धरून मी रडायच्या बेतात आले. तरी परत एकदा आत्याला लावला, आणि तिने उचलला.

"काऊन वं, फोनवर फोन करून राह्यली? मी पुस्तकावर आली म्हणून साऱ्यायले सांगून राह्यली ना मी. अन् आयक, शिंगं देल्ले, सुळे देल्ले, मंग माह्या पाटल्या काऊन नाही घातल्या?"