जोशचे शुक्रवार

सन्माननीय अध्यक्ष एलियटभाऊ पेणकर, मराठी मंडळातून आवर्जून आलेल्या प्रमुख पाहुण्या सुचेताताई, जोशची आई लीया, आणि दर शुक्रवारी भेटणाऱ्या माझ्या मंडळींनो, सर्वांना या निसीम तळकरचा शालोम आणि नमस्कार. मालिद्याच्या प्रसादाचे गोड पोहे समोर असताना भाषण लांबवू नये हे मला कळतं, पण आज थोडं सोसा.

जोश युनिव्हर्सिटीच्या बास्केटबॉल टीममधलं पहिलं वर्ष संपवून आलाय आणि परवा पुन्हा लीड्सला निघालाय. म्हणून सत्कार आणि निरोप, दोन्ही एकाच नारळात. आपण काटकसरी माणसं!

सुचेताताई, आम्हा मराठी ज्यूंचं सिनेगॉग म्हणजे हा यूथ क्लबचा भाड्याचा हॉल. भिंतीवर ती बास्केट दिसतेय ना? आम्ही तिच्याखालीच प्रार्थना करतो. जोशचे वडील तो लहान असतानाच गेले. लीया हॉस्पिटलच्या ड्यूटीवर. मग शाळा सुटली की हा इथे. एकटाच बॉल टाकायचा आणि आणायलाही एकटाच धावायचा. रात्री माझी बायको अयेलेत त्याला घरी नेऊन जेवू घालायची. त्याच्या वयाची बाकीची मुलं कुणी इस्रायलला, कुणी कॅनडाला गेली. हा इथेच उंच होत राहिला.

आता आमची अडचण ऐका. दहा पुरुष जमल्याशिवाय आमच्या काही प्रार्थना म्हणता येत नाहीत. गेलेल्या माणसासाठीची कद्दिश तर नाहीच नाही. आम्ही म्हातारे नऊ, दहावा जोश. लीया म्हणते, बायका मोजा, प्रश्नच मिटेल! तिला उत्तर द्यायला रब्बींनाही जमलेलं नाही, तिथे माझी काय कथा?

तर हा मुलगा वर्षभर दर शुक्रवारी लीड्सहून ट्रेनने येत राहिला. विचारलं की म्हणायचा, "फ्रायडेला प्रॅक्टिस नसतो, अंकल." आम्ही खूश.

मार्चमध्ये मी न कळवता त्याची मॅच बघायला गेलो. बरोबर चिकाच्या हलव्याचा डबा. अख्खी मॅच जोश ट्रॅकसूट घालून बाकावर बसून होता. बाकीची पोरं एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून हसत होती, याच्याशी कुणी बोलत नव्हतं. मॅच संपल्यावर कोचला गाठलं. भला माणूस. म्हणाला, मुलगा गुणी आहे, पण शुक्रवारच्या प्रॅक्टिसला कधीच येत नाही, त्याला खेळवू कसा? प्रॅक्टिसनंतर सगळी टीम एकत्र जेवते. हा त्या जेवणालाही कधी नव्हता. वर्ष संपत आलं तरी त्याला एक मित्र झाला नव्हता.

मी जोशला बाहेर विचारलं, तू खोटं का बोललास रे?

"मग टेन्थ कोण होणार, अंकल?" तो म्हणाला. "आंटीचा कद्दिश आहे ना."

अयेलेत गेली त्याला नोव्हेंबरात वर्ष होईल. तिच्यासाठी मी दर शुक्रवारी इथे उभा राहून कद्दिश म्हणतो. खरं सांगू? आठवडाभर मी तेवढ्याचीच वाट बघतो. घरात बोलायला दुसरं कोण आहे? त्या दिवशी त्याच्या हातात नुसता हलवा देऊन आलो.

आज सगळ्यांसमोर बोलतोय, म्हणजे मला माघार घेता येणार नाही. जोश, या वर्षी शुक्रवारी यायचं नाही. प्रॅक्टिसला जायचं, नंतर पोरांबरोबर जेवायचं. आम्ही नऊजण जेवढं म्हणता येतं तेवढं म्हणू. अयेलेतच्या वर्षदिनाला मी घरी दिवा लावीन. तिला वाईट वाटेल का? तुला असं एकटं बसलेलं बघून वाटलं असतं, त्याहून कमीच वाटेल.

अध्यक्षांनी वेळ दिला, तुम्ही शांतपणे ऐकलंत, सगळ्यांचे मनापासून आभार. वयोमानाने कुठे जीभ घसरली असेल तर पोटात घाला. आणि एलियटभाऊ, येत्या शुक्रवारपासून पुरुषांच्या बाजूला नऊच खुर्च्या मांडा. दहावी मांडलीत, तर मी दाराकडेच बघत बसेन.