जिभेची परीक्षा

(बेलेंमच्या बाजारात, टकाकाच्या, म्हणजे सोडे घातलेल्या आंबट सुपाच्या, गाडीपाशी. दुपारचे चार.)

जुसी: ऊठ ना आता, आई! पाचला ओतोनिएलच्या हॉटेलात पोचायचंय आणि तू इथे ठाण मांडलंयस.

आई: मला नाही जायचं त्या नव्या थेरांच्या हॉटेलात. टुकुपीचं म्हणे आईस्क्रीम! कसाव्याच्या आंबट रसाचं! उद्या मासळीचा केक करेल.

जुसी: फ्यूजन म्हणतात त्याला.

आई: काहीही म्हणू दे. मला आपला हा टकाका बरा.

जुसी: ब्रागान्सात वीस वर्षं तू टकाकाच विकलास! चार तास बसमध्ये हाडं खिळखिळी करून तोच खायला आलोय? ओतोनिएल बारा वाट्या तुझ्यापुढे ठेवणार, कशात काय कमी ते तू चाखून सांगायचं. की झाली नोकरी, राहायच्या खोलीसकट.

आई: पाठ आहे मला.

जुसी: मग? आपली गाडी मामीला देऊन टाकली, घर सोडलं. परत जाऊन काय खायचं, हवा?

आई: ओरडू नकोस. लोक बघतायत.

जुसी: बघू देत! गेल्या वर्षी तो आपल्या गाडीवर आला तेव्हा तूच म्हणालीस ना त्याला, माझ्या जिभेला फसवून दाखव म्हणून?

आई: तेव्हा फसत नव्हती.

जुसी: म्हणजे?

आई: नाताळात मला ताप आला होता ना... तो गेला, पण जाताना चव घेऊन गेला. मीठ नाही, साखर नाही. काही म्हणजे काही लागत नाही.

जुसी: चेष्टा करू नकोस हं.

आई: नाझारेच्या माउलीची शप्पथ.

जुसी: अगं, पण तू रोज रांधत होतीस!

आई: हाताला सवय. बाकी तुझं तोंड बघून. तू नाक मुरडलंस की समजायचं, मीठ जास्त झालं.

जुसी: आणि मी त्या दिवशी गिऱ्हाइकांदेखत म्हणाले, म्हातारीचं हल्ली लक्ष नाही...

आई: बरं झालं म्हणालीस. नाहीतर ते पातेलं तसंच खपवलं असतं मी.

जुसी: सहा महिने, आई! मला सांगायचं नाही?

आई: वाटलं, येईल परत. टकाकातल्या ह्या जांबूच्या पाल्याने निदान जीभ झिणझिणते. तेवढंच उरलंय. ओळखीचं खाणं असलं की आठवणीतून बोलता येतं गं. त्याच्या आईस्क्रीमची आठवण कुठून आणू? भीती वाटते मला, जुसी.

जुसी: रडू नकोस. हे बघ, मी आधी चाखते, तुला खुणेने सांगते. त्याला नाही कळणार.

आई: इतकी वर्षं कुणाला शिळं वाढलं नाही, आता खोटं वाढू? हा वाडगा धर. घोट घे आणि सांग, काय चुकलंय.

जुसी: मला काय कळतंय? मी जन्मभर वाडगेच विसळले.

आई: घे म्हणते ना!

जुसी: ...रस पातळ आहे. मागून पाणी घातलंय.

आई: ते मला रंगावरून दिसलं. आणखी?

जुसी: मिरची ठीक आहे. पाला कोवळा... सोडे खारट आहेत. भिजवलेच नाहीत.

आई: नक्की?

जुसी: नक्की.

आई: अहो बाई, सोडे भिजवले होते का हो?

टकाकावाली: हळू बोला की! सकाळी नळाला पाणी नव्हतं. नुसते खंगाळून टाकले. तुम्हाला कसं कळलं?

आई: मला नाही, हिला कळलं. ऐकलंस, जुसी? हे मला नुसतं बघून कळलं नव्हतं. ऊठ, निघ.

जुसी: एकटी? त्याने तुला बोलावलंय!

आई: वाट्या तू चाख. नाहीच म्हणाला तर ये परत, मी इथेच बसलेय.

जुसी: तुझ्या जिभेचं सांगू त्याला?

आई: सगळं खरं सांग.

जुसी: आणि त्याने तुझंही पान मांडून ठेवलं असलं तर?

आई: सांग, आईचं जेवण झालंय.