जाता जाता एक उत्तर

संघपाल : उतरवायचा? अगं, आत्ता तर विहाराच्या अंगणात पडदा बांधून आलो मी. पडदा आपल्याच मंडपाच्या धंद्यातला, प्रोजेक्टर आपला, स्पीकर आपले. सगळ्या कॉलनीला सांगून झालंय, आज कडुबादादा टीव्हीवर. अन् तू म्हणतीस उतरवा!

विशाखा : काका, पप्पांना जाऊन अजून महिना व्हायचाय.

संघपाल : म्हणून तर! गेलेला भाऊ पुन्हा बोलताना, हसताना बघायला मिळतोय. कुणाच्या वाट्याला येतं असं? अन् बेटा, दुसरी गोष्ट बघ. चितेगावच्या कंपनीत मशीन चालवून रिटायर झालेला माणूस त्या प्रश्नांच्या खेळात, त्या खुर्चीत बसला. शिक्षण किती, कुणाचा कोण, काय नाय इचारलं कुणी. येतंय का उत्तर? मग बस. आपल्या पोरांनी बघायला पाहिजे ते.

विशाखा : ते मला मान्य आहे. मी तिथंच होते ना, त्यांची सोबतीण म्हणून. सूत्रसंचालकांनी ‘आइए, कडुबाजी’ म्हणून हात पुढे केला, तेव्हा पप्पांनी आधी स्वतःचा हात शर्टाला पुसला. गुलमंडीतून घेतलेला नवा शर्ट. तेवढं मी कितीही वेळा बघेन. मला शेवट नको आहे. म्हणजे, आईनं बघायला नको आहे.

संघपाल : हरला का दादा?

विशाखा : प्रसारणाआधी कुणाला सांगायचं नाही, असं आम्ही दोघांनी लिहून दिलंय.

संघपाल : ज्यानं लिहून दिलं तो गेला, विशू. अन् मी काय पेपरात छापायला चाललो का? हरला का?

विशाखा : नाही. सोडलं त्यांनी.

संघपाल : सोडलं? मधेच?

विशाखा : प्रश्न होता, कोणत्या देशाच्या राजधानीला अमेरिकेच्या एका अध्यक्षाचं नाव आहे. मदतीचे पर्याय संपले होते. एक तर सुरुवातीलाच एका सिनेमातल्या गाण्यापायी गेला. अख्खा नकाशा पाठ असलेला माणूस, आणि त्याला विचारलं, गाण्यात नायिकेनं कोणत्या रंगाची साडी नेसली होती.

संघपाल : हा तमाशा आहेच त्यांचा. मग?

विशाखा : उत्तर येतंय असं वाटत होतं, पण खात्री नव्हती. चुकलं तर एकदम खाली. सोडलं तर तोवर जिंकलेले पैसे घरी. सूत्रसंचालकांनी विचारलं, क्या करेंगे? पप्पा म्हणाले, निघताना बायकोनं बजावलंय, हाव करू नका. तिचं ऐकतो. सोडतो.

संघपाल : मग शहाण्यासारखंच वागला की दादा! ह्यात वहिनीपासून लपवायचं काय?

विशाखा : तिथं संपत नाही ना. खेळ सोडला की ते म्हणतात, आता तर तुमचं काही जात नाही, मग जाता जाता सांगा, खेळला असतात तर कोणतं उत्तर दिलं असतं?

संघपाल : हां, इचारतेत. दरवेळी इचारतेत.

विशाखा : पप्पा म्हणाले, लायबेरिया.

संघपाल : अन्?

विशाखा : बरोबर होतं.

संघपाल : आयला.

विशाखा : सगळा स्टुडिओ ‘अरेरे’ म्हणाला. ते ठरलेलं संगीत वाजलं. आणि काका, तुम्ही चॅनेलच्या त्या प्रेरणा मॅडमना शब्द दिलात, कार्यक्रम बघताना आईचा व्हिडिओ काढून पाठवतो म्हणून.

संघपाल : त्या म्हणल्या, कार्यक्रम झाला की उद्या नेटवर श्रद्धांजली टाकायचीय. वहिनींचे दोन शब्द अन् बघतानाचा चेहरा. मला काय म्हाईत? मी म्हणलं, चांगलंच आहे.

विशाखा : त्यांना कोणता चेहरा पाहिजे, कळलं का आता? सगळ्या कॉलनीसमोर तिला कळणार, की तिच्या एका शब्दापायी...

(लीलाबाई चहाचे कप घेऊन दारात उभ्या आहेत.)

लीलाबाई : माझ्या कोणत्या शब्दापायी?

संघपाल : काय नाय वहिनी. बसा तुम्ही. आणा तो ट्रे.

लीलाबाई : भाऊजी, तुम्ही चहा घ्या. मी हिला इचारते. कोणत्या शब्दापायी गं?

विशाखा : आई, पप्पांनी मला सांगितलं होतं, तिच्याजवळ बोलू नको.

लीलाबाई : ते हरले म्हणून? मला ठावं हाय. आल्यापासून तोंड नव्हतं त्यांना. भाकर वाढताना रोज म्हणायची मी, हाव केली असणार तुम्ही. माझं ऐकलं असतं तर आज असं भिताडाकडं बघत बसायची पाळी नसती आली. रोज म्हणायची. ते गप खायचे अन् ताट उचलून मोरीत नेऊन ठेवायचे.

विशाखा : हाव नाही केली त्यांनी.

लीलाबाई : मग?

विशाखा : तुझं ऐकलं. तिथं, सगळ्यांसमोर, तुझं नाव घेऊन ऐकलं. म्हणाले, बायकोनं सांगितलंय, म्हणून सोडतो.

लीलाबाई : माझं?

विशाखा : हो.

लीलाबाई : माझं ऐकलं त्यांनी?

संघपाल : व्हय वहिनी. टीव्हीवर येणार हाय आज. दुनिया बघणार.

लीलाबाई : लगीन होऊन वैजापूर सोडलं तवापासून ह्या माणसानं माझं एक ऐकलं नाय. पावसात सायकल नका नेऊ म्हणलं, नेली. बिडी सोडा म्हणलं, डॉक्टरनं सांगितल्यावर सोडली. पोरीला एवढं शिकवून काय करता म्हणलं, ते नाय ऐकलं हे बरं केलं. अन् ऐकलं कुठं, तर तिथं जाऊन!

विशाखा : आई, पुढचं ऐक आधी. पडद्यावर बघण्यापेक्षा माझ्याकडून ऐक. सोडल्यावर त्यांना विचारलं, खेळला असतात तर काय सांगितलं असतं. त्यांनी सांगितलं ते बरोबर निघालं. खेळले असते तर दुप्पट मिळाले असते.

लीलाबाई : म्हंजी, मी नसते बोलले तर...

संघपाल : असं नाय धरायचं वहिनी. पक्कं येत नव्हतं दादाला. चुकलाबी असता.

लीलाबाई : पण चुकले नाय ना.

विशाखा : परत येताना गाडीत म्हणाले, तिचं ऐकलं ह्याचं मला वाईट नाही. पण तिला कळलं तर ती स्वतःला दोष देईल. तू बोलू नको.

लीलाबाई : मला लागू नये म्हणून ते गप बसले. अन् मी बोलतच ऱ्हायले.

विशाखा : आई.

लीलाबाई : मरायच्या आदल्या दिवशीबी बोलले गं. भाजीत मीठ जास्ती पडलं होतं, ते कायतरी म्हणले, तर मी म्हणलं, तुम्ही तिकडं जाऊन माती खाल्ली, त्याला मी काय म्हणले का? एकदा तरी म्हणायचं ना त्यांनी, बाई, ऐकलंय तुझं.

संघपाल : सही केली होती ना त्यानं. दादाची सही म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. मलाबी नाय बोलला.

लीलाबाई : बायकोशी बोलाया सही आडवी येती का? अन् मला एक सांगा भाऊजी. माणूस म्हणला सोडतो. उठला. मग त्याला इचारायचं कशाला, बसला असतास तर काय केलं असतंस? जेवून उठलेल्याला कुणी दावतं का, चुलीवर अजून काय होतं ते?

संघपाल : त्यांना त्याच्यातच मजा. नुसतं उठून गेला तर बघणाऱ्याला काय मिळणार?

लीलाबाई : बघणारे कोण?

संघपाल : मीच की वहिनी. मी अन् दादा, इथंच, ह्याच सोफ्यावर. सोडून गेलेल्याचं बरोबर निघालं की मीच मांडीवर थाप मारायचो, ‘गेला बिचारा!’ दादाबी हसायचा. पर्याय यायच्या आधी उत्तर देणारा गडी तो, त्याला वाटायचं, एवढं येतंय तर सोडतेत कशाला हे लोक?

विशाखा : घरी बसून सगळ्यांना येतं, काका. तिथं घड्याळ असतं समोर. आणि खाली पडायची भीती.

लीलाबाई : तो देश कुठंसाक आहे?

विशाखा : लायबेरिया? आफ्रिकेत.

लीलाबाई : तिथं आपलं कोण हाय? काय करायचं होतं त्यांना एवढ्या लांबचं ठेवून डोक्यात? माझ्या आईचं गाव इचारलं तर आठवत नव्हतं.

संघपाल : मी काय म्हणतो, पडदा राहू दे. फक्त दादा ‘सोडतो’ म्हणला की मी प्रोजेक्टरची वायर ओढतो. लाइट गेली म्हणून सांगतो. आपल्याकडं कोण शंका घेणार?

विशाखा : आणि घरोघरी टीव्ही आहेत त्यांचं काय? उद्या मोबाईलवर तोच तुकडा फिरेल. तेवढाच फिरेल.

लीलाबाई : वायर नका ओढू. लोकांला काय पाप लागलंय? पोरांनी बघावं, आपला माणूस कसा बसला, कसा बोलला. तुम्ही विहारात दावा सगळं. मी नाय येणार तिथं. मी घरी बघते.

विशाखा : बघायलाच पाहिजे का, आई? सांगितलं ना मी सगळं.

लीलाबाई : तू सांगितलं ते कानानं ऐकलं. भाऊजी, त्या मॅडमला कळवा, फोन घेऊन माझ्या तोंडापुढं कुणी यायचं नाय.

संघपाल : कळवतो. आत्ताच कळवतो. रागावतील, पण कळवतो.

लीलाबाई : मला त्यांचं तोंड बघायचंय. बरोबर हाय म्हणल्यावर कसं झालं असंल. माझा राग आला का. आला असंल तर आला, पण मला दिसू दे.

विशाखा : आई, तेव्हा कॅमेरे कुणाकडे होते, मला माहीत नाही.

लीलाबाई : तू होतीस ना तिथं? तू सांग. कसं झालं होतं तोंड?

विशाखा : माझी खुर्ची मागे होती. मला फक्त त्यांची पाठ दिसत होती.

लीलाबाई : म्हंजी तूबी नाय बघितलं?

विशाखा : नाही.

लीलाबाई : मग बस माझ्यापाशी. दोघी बघू.