खोबरेल लावलेली बंदूक

डिचोलीत बंदुकीचे परवाने नवे करण्याच्या रांगेत माझ्यापुढे दोघे होते: आमोण्याचे शेतकरी कृष्णनाथबाब आणि बँकेचा रखवालदार गौरेश.

"काय सांगता बाब! बंदुकीला खोबरेल?"

"मग? घरचं आहे. बायको केसांना लावते तेच."

"अहो, ते थंडीत थिजतं! ऐन वेळी घोडा अडकला तर? माझी बंदूक रोज खांद्यावर असते, घामात, पावसात. शिलाई मशीनचं पातळ तेल घाला! दोन थेंब, मग फडक्यानं पुसा. गंज नाही, वास नाही!"

"वासच नाही?"

"अजिबात नाही!"

"मग नको रे मला. तीन वर्षांमागे कुळागरात, माडा-पोफळींखाली, सुरणं खणणाऱ्या रानडुकरांवर एकदा बार काढला. कानाजवळून गेला त्यांच्या! तेव्हापासून मी बांधावर आलो की पळालीच. झाडीतून त्यांना बंदूक कुठे दिसते? खोबरेलाचा वास बरोबर पोचतो!"

"पण बाब, घोडा अडकला तर?"

"अरे, तो गेल्या थंडीपासून अडकलेलाच आहे! डुकरांना सांगू नको म्हणजे झालं."