काही तक्रार नाही

धाकटी: बाबा, चांगली चालू असलेली गोष्ट उचकटायची म्हणजे कमाल आहे तुमची.

बाबा: तो नको, लाल मुठीचा स्क्रू ड्रायव्हर दे. आणि त्या पिवळ्या वायरला हात लावू नकोस, तिच्यात अजून जीव आहे.

धाकटी: तिच्यात आहे, तुमच्यातच दिसत नाहीये. उद्या सकाळी कंपनीचा माणूस येणारच आहे ना? त्याला काढू दे की.

बाबा: तो काय काढणार, कापून मोकळा होईल. मी जोडलंय, मीच सोडवणार. पॅनेल छतावर राहतील, बॅटऱ्या इथेच जिन्याखाली राहतील. मधला हा डबा तेवढा जाईल आणि त्याच्या जागी त्यांचा पांढरा, गुळगुळीत येईल. झालं.

धाकटी: ‘तेवढा’ म्हणे. अख्खं घर तोच तर चालवतो.

बाबा: ऊन किती आलं, बॅटरीत किती उरलं, आधी फ्रिज की आधी इस्त्री, एवढं ठरवतो बिचारा. कुणीही ठरवेल.

धाकटी: हे तुम्ही बोलताय? ज्या वस्तूचा स्क्रू आपल्याला काढता येत नाही ती वस्तू आपली नाही, हे ऐकत मी लहानाची मोठी झाले. कंपनीच्या डब्याला स्क्रूच नाहीत. चिकटवलेला आहे तो.

बाबा: असू दे चिकटवलेला. तुझ्या आईला चारचौघांसारखं घर हवं होतं. बटण दाबलं की दिवा लागला, विषय संपला. तेवढं तरी देतो तिला.

आई: चहा घ्या. आणि माझं नाव पुढे करून काय उद्योग चाललेत, ते मलाही कळू द्या.

बाबा: तुला उद्या सांगणार होतो. म्हटलं, सुखद धक्का द्यावा.

आई: धक्का बसला. आता सुखद काय ते सांगा.

धाकटी: आई, डबा जातोय. उद्या कंपनीवाला नवीन बसवणार. आणि बाबा त्यांचं नेटवरचं पानही बंद करणार आहेत. डब्याचे नकाशे, पुस्तिका, सगळं काढून टाकणार.

आई: पानसुद्धा?

बाबा: ठेवून काय करू? कोणीही घ्या, कोणीही बदला, फुकट आहे, असं मोठ्या अक्षरात लिहिलं होतं. घेतलं कोणी? फुकट म्हटलं की लोकांना वाटतं काहीतरी खोट असणार.

आई: अहो, पण हा डबा आता चांगला चालतोय. मी शाळेतून येते तेव्हा पाणी तापलेलं असतं, कपडे धुऊन झालेले असतात. मी मुख्याध्यापिका आहे, उगाच कुणाला पास करत नाही.

बाबा: आता म्हणतेस. हॉलमधला दिवा सारखा जायचा तेव्हा काय म्हणत होतीस? ‘नवरा नको, इलेक्ट्रिशियन हवा होता.’

आई: तेव्हा म्हणत होते. पहाटे तुमचा डबा पीं पीं करून अख्ख्या घराला सांगायचा की अजून ऊन पडलेलं नाही. ते आम्हालाही खिडकीतून दिसत होतं.

बाबा: ते मी दुरुस्त केलं ना.

आई: केलंत. कधी केलंत, ते विचारा स्वतःला.

धाकटी: आई.

आई: काय आई? चहा पी तू.

बाबा: ते चौकसने सांगितलं म्हणून केलं. बघ, तो माणूस होता तोपर्यंत मजा होती.

आई: कोण चौकस?

बाबा: अगं, जेवताना कितीदा सांगितलंय. पानावर तक्रारी लिहायचा. खरं नाव कधी सांगितलं नाही, नुसतं ‘चौकस’. पण काय नजर होती. माझ्या डब्यासारखाच डबा बनवून घरात बसवला असणार त्याने. किटली आणि वॉशिंग मशीन एकदम लावलं की हॉल अंधारात जातो, हे त्यानेच पकडलं. डबा बंद होऊन चालू झाला की घड्याळ विसरतो, हेही त्यानेच. माझ्या मते कुठल्यातरी मोठ्या कारखान्यात तपासणीचं काम बघत असणार. निवृत्त असेल. चष्मा असेल.

धाकटी: चष्मा आहेच बहुतेक.

बाबा: तुला काय माहीत?

धाकटी: अंदाज. इतकं बारीक बघणाऱ्याला लागतोच.

आई: मग काय झालं त्या गृहस्थाचं?

बाबा: गेला. मागच्या महिन्यात मी विचारलं, आणखी काही? तर म्हणाला, ‘काही तक्रार नाही.’ मग मी त्याला नीट पत्रासारखं लिहिलं. म्हटलं, हे काम आता तुमचंही आहे. माझ्या नावाशेजारी तुमचं नाव लावू, पानाच्या चाव्या, म्हणजे पासवर्ड, दोघांकडे राहू देत. त्याला उत्तरच नाही. कंटाळला असणार. किंवा वाटलं असेल, या हौशी माणसाच्या खेळण्याला कुठे नाव लावायचं.

आई: असं कशाला वाटेल?

बाबा: मग गप्प का बसला? तुला खरं सांगू का, मला ते लागलं. आयुष्यभर विमा कंपनीत दुसऱ्यांची कागदपत्रं तपासली. माझं म्हणावं असं हे एकच काम. ते समजून घेणारा जगात एक माणूस भेटला आणि तोही उठून गेला. आता कुणासाठी करायचं?

धाकटी: आई, सांग ना आता.

आई: तू मध्ये बोलू नकोस.

बाबा: काय सांग?

आई: काही नाही. चहा गार होतोय.

बाबा: आणि चौकस गुळमुळीत बोलायचा नाही हं. पुस्तिकेबद्दल काय लिहिलं होतं त्याने, ऐक. ‘तुमची पुस्तिका वाचून डोकं फिरलं.’ सरळ तोंडावर.

आई: असं नव्हतं लिहिलं. ‘ही पुस्तिका लिहिणाऱ्याने ती एकदा तरी वाचून पाहावी’, असं होतं. आणि खाली, ‘प्रयत्न चांगला आहे.’ ते तुम्ही सोयीस्कर विसरता.

(बाबांच्या हातातला स्क्रू डब्याच्या झाकणावरून गडगडत जिन्याखाली जातो. तो कोणी उचलत नाही.)

बाबा: तू वाचतेस ते पान?

धाकटी: वाचते म्हणजे काय बाबा. लिहिते.

बाबा: काय लिहिते?

धाकटी: आता माझ्याकडे बघू नकोस आई, सुटलं तोंडातून. मीच उघडून दिलं होतं तिचं खातं. नावही मीच सुचवलं.

बाबा: तू. तू चौकस?

आई: ओरडू नका, समोरच्या वकीलबाई गॅलरीत बसल्यात.

बाबा: मी ओरडत नाहीये. माझा आवाजच बसलाय. अगं, पण का?

आई: का काय? पहाटेच्या त्या पीं पीं बद्दल मी तुम्हाला उठता बसता सांगत होते. ‘बघू.’ दिव्याचं सांगितलं, ‘बघू.’ शेवटी ही म्हणाली, आई, बाबा घरातल्यांचं नाही ऐकत, परक्यांचं ऐकतात, तू परकी हो. मधल्या सुट्टीत ऑफिसात बसून लिहिलं. घरी येते तर तुम्ही डब्यात डोकं घालून बसलेले. जेवताना काय सांगितलंत, आठवतं? ‘आज एका फार मोठ्या जाणकाराने माझी चूक काढली.’

धाकटी: आणि आई मान खाली घालून जेवत होती. मला ठसका लागला होता.

आई: मला आधी राग आला. तीच गोष्ट, तेच शब्द. मी बोलले की कटकट, चौकस बोलला की मार्गदर्शन. मला ‘आदरणीय’ लिहीत होतात तुम्ही. घरात ‘ऐकतेस का’च्या पुढे कधी गेला नाहीत.

बाबा: म्हणजे तुम्ही दोघी मिळून मला हसत होता.

धाकटी: थोडं. सुरुवातीला.

बाबा: हसा. बरोबर आहे. मी इथे बसून समजत होतो की माझं काम कुठेतरी दूर, कोणाच्या तरी घरात चालतंय. म्हणजे जगात एका माणसानेही ते घेतलं नाही.

आई: एका माणसाने म्हणजे? मी कोण आहे मग? या घरात हा डबा रोज वापरते, त्याचं अक्षर न् अक्षर वाचते, त्याच्यासाठी वीज या विषयाची आठवीपासूनची पुस्तकं शाळेच्या कपाटातून काढून वाचली. आणि तुम्हाला कारखान्यातला म्हातारा हवाय.

धाकटी: शाबास.

आई: आणि राहिली जगाची गोष्ट. तुम्ही रुसून पान बघायचं सोडलंत, मी नाही सोडलं. एका बेकरीवाल्याने विचारलं होतं, भट्टीचा पंखा आणि दिवे एकत्र घेतले तर चालेल का. मी पुस्तिकेतलं सातवं पान बघून उत्तर दिलं. काल त्याचा निरोप आलाय, डबा चालू झाला. फोटो पाठवलाय, डब्यावर पिठाचा थर आहे.

बाबा: बेकरीवाला? कुठला?

आई: कुठला का असेना. त्याची भाषा इतकी मोडकी होती की मला लाल पेन घ्यावंसं वाटलं. पण तुमचा नकाशा त्याला बरोबर कळला.

बाबा: दाखव. फोटो दाखव आधी.

आई: दाखवते. आधी माझं ऐका. मी एकदा तुम्हाला विचारलं होतं, म्हणजे चौकसने, की तुमच्या घरच्यांना हे सगळं पसंत आहे का. तुम्ही काय लिहिलंत?

बाबा: नाही आठवत.

आई: मला पाठ आहे. ‘आमच्याकडे खरी परीक्षा माझी बायको घेते. ती बोलायची थांबली की समजायचं, जमलं. तिच्यासाठीच करतो, फक्त तिला तसं सांगायला जमत नाही.’ शाळेत वाचलं मी ते. शिपाई सह्या घ्यायला आला, त्याला म्हटलं नंतर ये. दार लावून बसले होते.

बाबा: अगं, मी काय, परक्याला लिहीत होतो म्हणून...

आई: म्हणून खरं लिहिलंत. मला फार आवडलं ते. तेव्हापासून तक्रारी निम्म्या खऱ्या होत्या, निम्म्या तुम्ही उत्तर काय देता ते वाचायला.

धाकटी: हे मला माहीत नव्हतं हं.

आई: तुला सगळं कशाला माहीत हवं?

बाबा: मग चाव्यांचं विचारलं तेव्हा उत्तर का नाही दिलंस?

आई: काय देणार? हो म्हटलं तर सांगावं लागणार. नाही म्हटलं तर तुम्ही जेवणार नाही. रोज उत्तर लिहायचे, रोज खोडायचे. आणि तक्रार खरंच काही उरली नव्हती हो. ती बोलायची थांबली की जमलं, असं तुम्हीच लिहिलं होतं ना? मग डबा कशाला उचकटताय?

बाबा: तू गप्प झालीस ते माझ्या लक्षातच आलं नाही. चौकस गप्प झाला ते लागलं.

धाकटी: बाबा, तुमचं एक बघा. जगाला सांगता, या, झाकण उघडा, चूक काढा, सुधारा. आणि घरात आम्ही झाकणाला बोट लावलं तर अंगावर येता. जगाला दार उघडं आणि घरच्यांना कुलूप.

बाबा: बोट लावू देत नाही म्हणे. आत्ताच लाल स्क्रू ड्रायव्हर कोणी दिला मला?

धाकटी: तो काढायला दिला. आता जोडायला मी देणार नाही, मी जोडणार. सरका.

बाबा: अगं, हळू. आधी काळी, मग लाल. नाही, थांब. कर तू. तुला जसं वाटेल तसं कर. मी नाही बोलत.

आई: उद्या पेपरात छापून येणार हे.

बाबा: त्या कंपनीच्या माणसाला आधी फोन करतो. हॅलो. हो, मीच बोलतोय. उद्याचं जरा राहू द्या. नाही नाही, रंगाचा प्रश्न नाही. पांढरा छान आहे. वॉरंटीही छान आहे. पण तुमचा डबा उघडता येतो का? नाही ना? हो, ते कळलं मला, उघडायची गरज पडत नाही. आमच्याकडे पडते. परत कधी? त्याचं असं आहे, मी घरात विचारून सांगतो.

धाकटी: काय म्हणाला?

बाबा: म्हणाला, सगळे असंच म्हणतात. तुझं कुठवर आलं?

धाकटी: काळी झाली, लाल झाली. चालू करू? केलं. लागला दिवा.

आई: लागला. पीं पीं न करता लागला.

बाबा: अगं ऐक... ऐकतेस का, म्हणजे, आदरणीय...

आई: ‘अगं’च बरं आहे. सवय आहे मला.

बाबा: मग अगं, नाव कुठलं लावायचं पानावर? चौकस की तुझं खरं?

आई: खरं लावा. आणि माझं नाव आधी.

बाबा: आधी? बरं, आधी. आणि यापुढे तक्रार असली की लिही, मी त्याच दिवशी...

आई: लिहिणार नाही. पुरे झालं ते. या खुर्चीत बसून, तोंडाने सांगणार. एक आहे आत्ताच, सांगू?

बाबा: तू तर म्हणालीस, काही तक्रार नाही.

आई: चौकसला नाही. मला आहे.

बाबा: थांब, हा पंखा बंद करतो. त्याच्या आवाजात तुझं अर्धं बोलणं राहून जातं.